गुरुवारचा पट

दर गुरुवारी दिवेलागण झाली की आमच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाते, आणि सतरंजीवर एक जुना, ठिकठिकाणी रफू केलेला कापडी पट. हा क्रम एकतीस वर्षे चालू आहे. खेळणारे चौघे. एक निवृत्त मास्तर, ज्यांना अर्धे लालबर्रा अजून उभे राहून नमस्कार करते. दुसरे वकीलसाहेब, ज्यांनी वकिली सोडली पण उलटतपासणी सोडली नाही. तिसरे आम्ही. आणि चौथे आमचे जोडीदार, धानाची शेती करणारे, मितभाषी, फासे हातात घेतले की डोळे मिटून क्षणभर थांबणारे. पटावर आमची पिवळी आणि त्यांची काळी एका बाजूची. मास्तरांची लाल आणि वकीलसाहेबांची हिरवी दुसऱ्या बाजूची. एकतीस वर्षांत रंग बदलले नाहीत, जोड्या बदलल्या नाहीत, आणि वकीलसाहेबांची तक्रारही बदलली नाही.

हे सारे लिहावयाचे कारण असे की २०२५ साली सात-आठ महिने हा पट चौथ्या बाजूवाचून पडून राहिला. ते कसे घडले हे सांगण्यापूर्वी पटाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो माळ्यावरच्या पेटीत असेल आणि नातवंडांनी तो टेबलावर घालायचा रुमाल म्हणून पाहिला असेल.

अधिकाच्या चिन्हासारखे चार हात, मध्ये एक चौक. प्रत्येक हातावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरे. चारी हात मिळून शहाण्णव. सोळा सोंगट्या, चार रंगांच्या. कवड्यांनी खेळले तर ती पचीसी, लांबट फाशांनी खेळले तर चौसर. घरोघर दोहोंनाही सोंगट्याच म्हणतात. आमच्याकडे तीन फासे आहेत, शिसवी, बोटाएवढे लांब. त्यांना चारच बाजू. एक, दोन, पाच आणि सहा असे ठिपके. तीन आणि चार नाहीतच. नव्या मुलांना याचे फार नवल वाटते.

दोन सहा आणि एक एक असे पडले की तेरा होतात. त्या दानाला आपण पोबारा म्हणतो. येथे एक गंमत आहे, आणि ती आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांनाच कळावी अशी आहे. आमच्या शेजारचा हिंदी बोलणारा दुकानदार त्याच दानाला ‘पौ बारह’ म्हणतो, आणि त्याच्या भाषेत एखाद्याचे पौ बारह झाले म्हणजे त्याचे नशीब उघडले. मराठीत मात्र पोबारा करणारा मनुष्य पळून गेलेला असतो! एकच फासा, एकच दान. तिकडे लाभ, इकडे पलायन. मास्तरांचे म्हणणे असे की एका दमात तेरा घरे ओलांडणारी सोंगटी मागच्याच्या हाती लागत नाही, म्हणून मराठी माणसाला त्यात पळणे दिसले. वकीलसाहेब म्हणतात, मराठी माणसाला लाभ झाला तरी तो आधी पळून जाण्याचाच विचार करतो. असो.

तसे पाहिले तर आपली भाषा पटावरून उठून आलेल्या शब्दांनी भरलेली आहे. शह आणि काटशह, डाव साधणे, डाव उधळणे, फासे उलटे पडणे, प्यादे पुढे करणे. सोंगटी साऱ्या पटाला फेरा घालून मधल्या घरात पोचली की ती ‘पुगली’ असे आम्ही म्हणतो. हा शब्द आमच्या ओसरीबाहेर हल्ली ऐकू येत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रांतातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाजारात, कचेरीत, शाळेत हिंदी. गावाकडे पोवारी, जंगलाकडे गोंडी. आणि मराठी घरात. आता घरातही मुले उत्तर देताना नकळत हिंदीत वळतात. त्यांना आम्ही बोल लावीत नाही. परंतु गुरुवारी दोन तास या ओसरीवर एकही वाक्य मराठीखेरीज बोलले जात नाही. तसा नियम कोणी केलेला नाही, पटाचे शब्दच मराठी असल्यामुळे बाकीचे बोलणे त्यांच्यामागून येते.

पट किती जुना हे सांगणे कठीण आहे. वेरूळला रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात, शिवपार्वती अक्षक्रीडा करीत बसले आहेत, आणि पार्वतीचा आविर्भाव पाहिला की डाव कोणाच्या बाजूने चालला आहे हे विचारावे लागत नाही. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात बुद्धिबळे, फासे आणि कवड्या यांच्या खेळांची राजाच्या करमणुकींत गणना केली आहे. फत्तेपूर शिक्रीच्या अंगणात दगडाचा पट आखलेला आहे. अकबराच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या ‘ऐने अकबरी’त चौपडीबरोबर चंदल-मंडल नावाच्या एका खेळाची हकीगत आहे, त्यात सोळा जण चौसष्ट सोंगट्यांनी खेळत. सोळा जण! आम्हांला चौघे जमवताना पुरेवाट होते.

मग हा पट साहेबाच्या हाती लागला. १८९६ साली इंग्लंडात ‘लुडो’ नावाने त्याचे पेटंट घेतले गेले. कवड्या जाऊन सहा बाजूंचा ठोकळा आला, पट लहान झाला, आणि खेळ मुलांचा ठरला. याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. आमची तक्रार एकाच गोष्टीची आहे. आपल्या पटावर समोरासमोरचे दोघे जोडीदार असतात. माझ्या चारही सोंगट्या पुगल्या म्हणून मी जिंकलो असे होत नाही; समोरच्याच्याही चारी पुगल्या पाहिजेत. म्हणून जाणता खेळाडू आपली शेवटची सोंगटी मुद्दाम मागे ठेवतो, वाटेत जोडीदाराला आडोसा देतो, त्याच्या पाठीवर असलेल्याला मारतो, आणि मगच घरी जातो. लुडोत हे गेले. तेथे ज्याची सोंगटी घरी पोचली तो सुटला.

आता जे घडले ते.

आमच्या जोडीदारांचा एक पुतण्या आहे. भाऊ लवकर वारला, तेव्हा मुलगा पाच-सहा वर्षांचा होता. काकांनीच त्याला वाढवला. गुरुवारी काकांच्या मांडीवर बसून तो पट पाही. दाने मोजायला तो याच ओसरीवर शिकला, आणि दहा वर्षांचा झाला तेव्हा काकांनी कौतुकाने त्याच्या हातात फासे दिले. पहिल्याच फेकीला त्याला पोबारा पडला. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. घरातून त्याला लाडू मिळाला.

२०२५च्या फेब्रुवारीत कळले की दोन हंगामांच्या धानाचे पैसे मुलाने मोबाईलवरच्या लुडोत घालवले आहेत. पैसे लावून खेळण्याचा तो प्रकार. आधी शंभर-दोनशे, मग हजार, मग गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी. घरात त्याच्या आईला काही ठाऊक नव्हते. सोसायटीचे कर्ज फेडायला गेल्यावर सगळे उघडे पडले.

त्या गुरुवारी जोडीदार आले, पण बसले नाहीत. आम्ही, समजूत घालावी म्हणून, नको ते बोललो. “तो मोबाईलचा जुगार आणि आपला हा पट, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे हो,” असे आम्ही म्हटले. ते थोडा वेळ पटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अंतर तुम्हाला दिसते जी. माझ्या वहिनीला नाही दिसत. तिला एवढंच दिसते का पोराच्या हातात फासा मी दिला.” आणि गेले.

ते त्या दिवसापासून आले नाहीत. बाजारात भेटत, विचारपूस करीत, पण गुरुवारचे नाव काढीत नसत.

रात्री आम्ही अंथरुणावर पडून त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. मनातल्या मनात वाद घालण्याची एक सोय असते, की आपण नेहमी जिंकतो. तरी या वादात आम्ही जिंकलो नाही. आपल्याच परंपरेला याचे उत्तर नीट सापडलेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्याची बायको, सासू, आईबाप, सारे त्याच्यापासून दुरावले आहेत आणि तरी फाशांचा खुळखुळाट ऐकला की त्याचे पाय तिकडे वळतात. नळाने राज्य घालवले. धर्मराजाने काय काय घालवले हे सांगायला नको. आणि याच आपल्या धर्मशास्त्राने कोजागरीच्या रात्री फासे खेळून जागावे असे सांगितले, आणि दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असे नावच देऊन टाकले! ज्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते त्या दिवसाचे हे दुसरे नाव. सोंगट्यांना क्रीडा म्हणावे की द्यूत, याचा निर्णय आपल्या पूर्वजांनी केला नाही. वर्षातले दोन-तीन दिवस मोकळे सोडले आणि बाकीच्या दिवसांसाठी गोष्टी सांगून ठेवल्या.

एक प्रयत्न मात्र झाला होता, तो मोक्षपटाचा. आजच्या सापशिडीचा तो पूर्वज. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. घरांना नावे असत आणि खेळता खेळता माणूस ती वाचीत असे. जैनांच्या पटावर चौऱ्यांशी घरे, वैष्णवांच्या पटावर बहुत्तर. मराठी परंपरा हा खेळ ज्ञानदेवांनी रचला असे मानते. आज पाहायला मिळणारे पट मात्र त्यांच्यानंतर पुष्कळ शतकांचे आहेत. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो गेला, नावे पुसली गेली, साप उरले. परंतु मोक्षपट खेळणाराही कवड्याच टाकतो. शिडी मिळणे त्याच्या हाती नसते. सद्गुण कवडीवर अवलंबून असावा, ही गोष्ट आम्हांला लहानपणीही पटली नव्हती.

आणि आमचेही हात अगदी कोरडे नव्हते. हे कबूल केले पाहिजे. सुरुवातीची वर्षे आम्ही सुपारीवर खेळत असू. मग हरणाऱ्या जोडीने भज्यांचे पैसे द्यावे असे ठरले. एका पाडव्याला तर पाच-पाच रुपये लावले होते, आणि ते जिंकल्याचा आनंद आम्हांला आजही स्पष्ट आठवतो. भज्यांचा आठवत नाही. भजी आणि धानाचे पैसे यांत अंतर नाही असे आम्ही म्हणत नाही. अंतर आहेच. पट चौघांचा आहे, समोरच्याचे तोंड दिसते, कोणी पडत्या दानावर हट्टाला पेटला तर दुसरा फासे उचलून ठेवतो आणि चहा मागवतो. मोबाईलमध्ये फासे उचलून ठेवणारा कोणी नाही; उलट खेळणारा थांबू नये यातच पलीकडच्याचा धंदा असतो. हे सर्व खरे. पण हे मुद्दे आम्हांला दुसऱ्या दिवशी सुचले, आणि जोडीदाराला मुद्दे नको होते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला; पैसे लावून खेळायच्या सर्वच ऑनलाइन खेळांना त्याने बंदी केली, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. आम्ही वर्तमानपत्रातले कात्रण जोडीदाराकडे पाठवले. त्यांनी निरोप पाठवला, “वाचलं. बरं झालं.” एवढेच.

मधल्या काळात आम्ही तिघांनी काय काय करून पाहिले त्याची कथा करुण आहे. मास्तरांनी बुद्धिबळाचा आग्रह धरला. जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याचबरोबर ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून मास्तरांचा उत्साह आवरेना. नागपूर म्हणजे आमचे जुने राजधानीचे गाव, त्यामुळे विजय जणू आमच्या आळीतच आला होता. पण बुद्धिबळात दोघे खेळतात आणि तिसरा शहाणपणा शिकवतो, आणि तिसरे नेहमी वकीलसाहेब असत. मग नातवंडांचा ‘नवा व्यापार’ काढला. त्यात वकीलसाहेबांनी भाडेवसुली इतक्या कठोरपणे केली की मास्तर दुसऱ्या गुरुवारी आले नाहीत.

शेवटी गंजिफा. आमच्या एका आतेभावाने सावंतवाडीहून दशावतारी संच आणून दिला होता. गोल पत्ते, एकशे वीस; दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. खेळ तिघांचाच, त्यामुळे आम्हांला योग्य. दिवसा खेळले तर उतारी रामाची, रात्री खेळले तर कृष्णाची. आमची बैठक बरोबर दिवेलागणीची! दिवस म्हणावा की रात्र यावर पहिल्याच दिवशी पाऊण तास गेला. पत्ते इतके देखणे की हातात धरून पाहत राहावे, आणि आम्ही बहुधा तेच केले. खेळ रंगला नाही. खरे सांगायचे तर कोणताच रंगला नसता. सतरंजीची एक बाजू रिकामी होती आणि तिघेही तिच्याकडे पाठ न करता बसण्याची खटपट करीत होते.

दिवाळी आली. त्या वर्षी भाऊबीज नेमकी गुरुवारी पडली, २३ ऑक्टोबरला. आता आमच्या जोडीदारांचे आणि आमच्या घराचे एक नाते पटाहून वेगळे आहे. आमच्या सौभाग्यवतींना सख्खा भाऊ नाही. लग्न होऊन त्या येथे आल्या त्या पहिल्याच दिवाळीत जोडीदारांनी पाट मागून घेतला होता. तेव्हापासून भाऊबीजेला ते येतात, “ताई, उशीर झाला का?” असे दारातूनच विचारतात, आणि पाटावर बसतात. गुरुवार सोडणे त्यांच्या हाती होते. भाऊबीज सोडणे नव्हते. ते आले. मास्तर आणि वकीलसाहेब सवयीने आलेच होते. सर्वांनी फराळ केला. पट आम्ही मुद्दामच काढला नव्हता, आणि तो काढलेला नाही हे प्रत्येकाला दिसत होते.

सुटीवर पुण्याहून आलेली आमची नात हे सारे पाहत होती. तिला मूळ गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती. ती म्हणाली, “आजोबा, आज माझा खेळ खेळू या. याला पट लागत नाही.”

तिचा हा खेळ पुण्यात ती मैत्रिणींबरोबर दर शनिवारी खेळते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने तो प्रथम छापला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात नकाशावर लुटुपुटीच्या लढाया खेळत, त्या परंपरेतून हा निघाला. पण सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका घेतली गेली आणि खेळाचे स्वरूप पालटले. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, “तुम्ही काय करता?” ज्याने जी भूमिका घेतली असेल त्याने त्या माणसाप्रमाणे उत्तर द्यावे. जे करायचे ते जमते की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, काही लावलेले नसते. “मग संपतो केव्हा?” वकीलसाहेबांनी विचारले. “कंटाळा आला की, किंवा स्वयंपाक झाला की,” नात म्हणाली.

तिने स्थळ निवडले लांजीचा किल्ला. आपल्याच जिल्ह्यातला, सर्वांनी पाहिलेला. मास्तर वैद्य झाले. वकीलसाहेबांनी चोराची भूमिका मागून घेतली आणि ती त्यांना फारच सहज जमली. आम्ही किल्लेदार. जोडीदार भिंतीला टेकून सुपारी कातरीत होते. नात म्हणाली, “मामाआजोबा, दरवाजावर कोणीच नाही. तुम्ही द्वारपाल व्हा.”

ते म्हणाले, “फासा मी नाही टाकत, बाई.”

आम्ही तिघांनी श्वास रोखला. तिला त्यातले काही कळले नाही, आणि ते बरे झाले. ती सहजपणे म्हणाली, “तुमच्यासाठी मी टाकीन. तुम्ही फक्त काय करता ते सांगा.”

पहिला अर्धा तास निव्वळ हसण्यात गेला. चोराने किल्लेदाराची पगडी पळवली. वैद्यबुवांनी चोराला पकडल्यावर त्याची नाडी पाहिली आणि पित्त वाढले आहे असे सांगितले. मग नातीने रात्र केली, पाऊस पाडला, आणि म्हणाली, “दरवाजावर थाप पडते. बाहेर एक तरुण उभा आहे. अंगावर एकच वस्त्र. म्हणतो, मी सगळं फाशांत घालवलं, घरी जायला तोंड नाही. आज रात्रीपुरतं आत घ्या.”

तिने नळाची गोष्ट घेतली होती. लहानपणी ती तिने आमच्याकडूनच ऐकलेली. दुसरे काही तिच्या मनात नव्हते. पण मास्तर एकदम खाली पाहू लागले, आणि आम्हांला वाटले की खेळ येथेच थांबवावा. वकीलसाहेब मात्र भूमिकेत शिरले होते, त्यांच्या तोंडून निघून गेले, “आत घेऊ नका, खजिना जाईल!” बोलल्यावर त्यांचाही चेहरा उतरला.

जोडीदारांचा अडकित्ता थांबला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला आधी जेवायला घाला.”

“घातलं,” नात म्हणाली. “पण मामाआजोबा, त्याच्या कमरेला फासे बांधलेले आहेत.”

“ते माझ्यापाशी ठेव म्हणावं. परत मागायचे नाहीत.”

“तो ऐकतो का ते पाहू.” तिने फासा टाकला. चार पडले, वीसपैकी चार म्हणजे काहीच नाही. “नाही म्हणतो. म्हणतो, फासे सोडून काहीही मागा.”

आम्हांला वाटले की आता ते उठतील. ते म्हणाले, “बरं. मग आत नको. पण दारातच पान वाढा. मी बसतो त्याच्याजवळ.” थोड्या वेळाने, कोणी विचारले नसता, “सकाळपर्यंत बसतो. रात्री उठून गेला तर कोणाला कळलं पाहिजे ना.”

यावर फासा टाकावा की नाही असा प्रश्न नातीला पडलेला दिसला. तिने टाकला नाही. तेवढ्यात आतून पाने मांडल्याची हाक आली.

जेवून निघताना त्यांनी आमच्याशी पटाविषयी अक्षर काढले नाही. दारात चपला घालताना एवढेच म्हणाले, “पोरगं आता गोंदियाला राइस मिलमध्ये लागलं आहे. शनिवारी घरी येते. माझ्याशी बोलत नाही.” आम्ही म्हटले, “तुम्ही बोलता?” ते पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. धानकापणी चालू होती हे खरे, पण पूर्वी कापणीतही ते येत. तिसऱ्या गुरुवारी आम्ही तिघे गंजिफाचे पत्ते मांडून राम की कृष्ण हा वाद घालीत असता ते आले आणि आपल्या जागी बसले. म्हणाले, “काहून, पट कुठे गेला?” मास्तर इतक्या घाईने उठले की विष्णूचे पाच-सहा अवतार ओसरीखाली गेले.

पट मांडला. सोंगट्या लावल्या. त्यांचे दान आले तेव्हा त्यांनी फासे आमच्याकडे सरकवले. “तुम्ही टाका. मी चालवतो.” तेव्हापासून तसेच चालते. त्यांचे दान आम्ही टाकतो. कोणती सोंगटी हलवायची ते ठरवतात ते. पुतण्या गोंदियाहून दर महिन्याला काही पैसे आईच्या हाती देतो, काकांच्या नाही. एका शनिवारी दोघे मिळून मळणीयंत्र भाड्याने आणायला वारासिवनीला गेले होते, असे मास्तरांनी पाहिले. बोलत होते की नाही हे मास्तरांना रस्त्याच्या पलीकडून कळले नाही.

या नव्या पद्धतीला वकीलसाहेबांचा सक्त विरोध आहे. एका माणसाने दोघांचे फासे टाकणे कोणत्याच शास्त्रात बसत नाही, आणि तसे टाकूनही गेल्या सहा गुरुवारांत पिवळी-काळीच पाच वेळा पुगली, यात त्यांना कपटाचा वास येतो. त्यांनी जुना वादही पुन्हा उकरून काढला आहे. एका घरात एकाच रंगाच्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचे जुग होते आणि एकट्या सोंगटीने ते मारता येत नाही, हे सर्वांना मान्य आहे. पण एक पिवळी आणि एक काळी, म्हणजे जोडीदारांची एकेक, एका घरात आली तर त्यांचे जुग होते की नाही? आम्ही म्हणतो होते. वकीलसाहेब म्हणतात होत नाही, रंग निराळे ते निराळे. एकतीस वर्षांत याचा निकाल लागलेला नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या वाचकांच्या घरी आजोबा-पणजोबा कोणत्या रीतीने खेळत हे कोणी कळवील तर आम्ही आभारी होऊ. पत्र वकीलसाहेबांना दाखवले जाईल. ते मान्य करतील असे मात्र समजू नये.